नोंद क्रमांक ९७

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मोबाइलवरची रमी कुठल्या सूचीत येते?"

मी फळ्यावर राज्य सूची लिहीत होते. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, बाजार आणि जत्रा. मागे वळूनही न बघता म्हणाले, "राज्य सूची, नोंद ३४. पैजा आणि जुगार." आणि पुढची नोंद लिहायला घेतली.

"मग बंदी दिल्लीनं कशी काय घातली?"

२०२५ चा ऑगस्ट संपत आला होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक २० तारखेला लोकसभेत आणि २१ तारखेला राज्यसभेत संमत झालं, २२ तारखेला राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली. निम्म्या वर्गाच्या मोबाइलवरचे खेळ बंद पडले होते, त्यामुळे विषय वर्गात माझ्या आधी पोचला होता. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या सांगते." मास्तरकीतलं हे सगळ्यात जुनं हत्यार.

उद्याचे चार दिवस झाले. त्या चार दिवसांत जे नव्यानं वाचलं, आणि जे आधीपासून माहीत असूनही कधी एका जागी मांडून बघितलं नव्हतं, ते इथं उतरवते आहे.

नवीन वाचकांसाठी माझी ओळख. राज्यसेवेच्या मुलाखतीपर्यंत दोनदा गेले, अंतिम यादीत एकदाही आले नाही. तेव्हापासून, म्हणजे चौदा वर्षं, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना राज्यघटना शिकवते. सातवी अनुसूची हा माझा हातखंडा धडा. तीन याद्या: केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती. पाठ होत नाहीत म्हणून मुलं रडतात, तेव्हा मी एका माणसाचा जन्म ते मृत्यू फळ्यावर काढते. जन्माची नोंद, समवर्ती. शाळा, समवर्ती. लग्न आणि जमलं नाही तर घटस्फोट, समवर्ती. नोकरी लागली, पगारावर प्राप्तिकर, केंद्र. दुःखात दारू प्यायला, राज्य. दवाखान्यात नेला, राज्य. मृत्युपत्र केलं, समवर्ती. स्मशान, राज्य. हसत हसत पाठ होतं. स्मशानावर मुलं कधीच चुकत नाहीत.

याद्यांत किती नोंदी आहेत यावरही दर वर्षी भांडण होतं. १९५० मध्ये केंद्र ९७, राज्य ६६, समवर्ती ४७. पुढे नोंदी गळल्या, काही घुसल्या, पण क्रमांक कधी बदलले नाहीत. म्हणून घटनेची प्रत उघडली की राज्य सूचीत ११ या आकड्यापुढे नुसत्या चांदण्या छापलेल्या दिसतात. तिथं पूर्वी शिक्षण होतं. आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं ते उचलून समवर्ती सूचीत नेलं. सोबत वनं, वन्य प्राणी आणि वजनमापंही गेली. वस्तू व सेवा कराच्या दुरुस्तीत आणखी दोन नोंदी गेल्या. आज मोजून बघितलं तर केंद्र ९८, राज्य ५९, समवर्ती ५२ असा हिशेब येतो. बाजारातली निम्मी पुस्तकं अजून १००, ६१, ५२ वर थांबलेली आहेत. मला त्या चांदण्या बघायला आवडतात. घरातली एखादी वस्तू विकली तरी भिंतीवर तिचा पांढरा डाग राहतो, तशा.

या सगळ्यात केंद्र सूचीतली शेवटची नोंद, क्रमांक ९७, मी कायम घाईत उरकत आले. "वरच्या कुठल्याच यादीत जे नाही ते संसदेचं. याला शेषाधिकार म्हणतात. कलम २४८. एक गुण. पुढे चला." परीक्षेलाही तेवढंच लागतं.

रमीच्या प्रश्नानं याच नोंदीपाशी आणून उभं केलं. आणि मला आमच्या घरातलं वाटणीपत्र आठवलं.

आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ वेगळे झाले तेव्हाचा तो कागद वडिलांच्या पेटीत होता. काय नाही त्यात! शेतांच्या चतुःसीमा, विहिरीवर कोणाची पाळी कुठल्या वारी, दोन घंगाळं, एक तुटका नांगर, बांधावरच्या आंब्याचं फळ तिघांत सारखं. वाटणीच्या दिवशी एका पितळी समईवरून दिवसभर वाद झाला असं आजी सांगायची. आणि सगळं लिहून झाल्यावर तळाला एक ओळ: याखेरीज काही निघाल्यास ते थोरल्याकडे राहील. त्या ओळीवर कोणी वाद घातला नाही. निघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कागदात न आलेला एक खडकाळ तुकडा होता, गवतसुद्धा धड उगवायचं नाही असा. चाळीस-एक वर्षांनी त्या तुकड्यातून रस्ता गेला आणि मोबदला आला. समईवरून भांडलेल्यांची नातवंडं तेव्हा त्या शेवटच्या ओळीकडे बघत बसली.

आता घटनेची शेवटची ओळ कशी लिहिली गेली ते बघा. इथंच मला चार दिवसांतला दीड दिवस लागला.

१९३५ च्या कायद्यात तीन याद्या तयारच होत्या. केंद्राच्या ५९, प्रांतांच्या ५४, सामाईक ३६. उरलेलं कोणाचं यावर मात्र एकमत होईना. काँग्रेसच्या बाजूचे म्हणत केंद्राचं, मुस्लिम लीगचे म्हणत प्रांतांचं. इंग्रजांनी दोघांनाही न देता ते गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर सोडलं. नवीन विषय निघाला की तो ठरवील कोणी कायदा करायचा. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही म्हण एखाद्या कायद्याच्या कलमात इतकी चपखल बसलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

मग १९४६ चा मे. ब्रिटिश मंत्र्यांच्या कॅबिनेट मिशननं सुचवलं की केंद्राकडे फक्त परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण असावं, बाकी सगळं आणि उरलेलंही प्रांतांकडे. १३ डिसेंबर १९४६ ला नेहरूंनी घटना समितीत उद्दिष्टांचा ठराव मांडला, त्यातही तेच: शेषाधिकार घटक राज्यांकडे. आज शाळेच्या पुस्तकात या ठरावाचं कौतुक असतं, पण त्यातली ही ओळ सहसा कोणी वाचून दाखवत नाही. ठरावावर बोलताना बॅरिस्टर जयकर म्हणत होते, थांबा, लीग आणि संस्थानिक येऊ देत. आणि १७ डिसेंबरला डॉ. आंबेडकर उठले. आपल्याला मजबूत केंद्र हवं आहे, १९३५ च्या कायद्यातल्या केंद्राहूनही मजबूत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. सभागृहात त्या वेळी हा सूर एकाकी होता. लीगला आत आणायचं असेल तर केंद्र बारीक ठेवणं भाग आहे, हे गृहीत धरून सगळे चालले होते. ठराव २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला, उरलेलं प्रांतांकडे ठेवूनच.

३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली. ५ जुलैला केंद्राच्या अधिकारांसाठी नेमलेल्या समितीचा दुसरा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष नेहरूच. आता फाळणी ठरलीच आहे, तेव्हा दुबळं केंद्र देशाला परवडणार नाही, असं त्यात म्हटलं आणि शेषाधिकार केंद्राकडे गेले. ठराव मंजूर झाल्यापासून साडेपाच महिने, आणि योजना जाहीर झाल्यापासून ३२ दिवस. देश तुटला त्या धक्क्यात ती ओळ या खात्यातून त्या खात्यात गेली.

मी हे चुकीचं म्हणत नाही. १९४७ च्या जुलैत मी त्या खोलीत असते तर मीही हेच लिहिलं असतं. पण मी मुलांना इतकी वर्षं शिकवलं ते असं की भारतात केंद्र मजबूत आहे कारण आपली संघराज्याची कल्पनाच तशी आहे. कल्पना वगैरे नंतरची. महिनाभर आधी कागदावर उलटं लिहिलेलं होतं. (एक अपवाद बरीच वर्षं टिकला. जम्मू-काश्मीरच्या बाबतीत शेषाधिकार राज्याकडेच होते, २०१९ पर्यंत.)

बरं, लिहिलं. पुढे त्या खडकाळ तुकड्याचं काय झालं?

बरीच वर्षं फार काही नाही. अधूनमधून एखादा कर त्यावर उगवायचा. दान करावरचा वाद १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथं न्यायालयानं ९७ कडे बोट दाखवलं. त्याच्या पुढच्या वर्षीचा धिल्लन खटला जास्त मजेदार आहे. केंद्र सूचीतली नोंद ८६ मालमत्तेच्या मूल्यावरच्या कराची, पण तीत स्पष्ट लिहिलंय: शेतजमीन वगळून. १९६९ मध्ये केंद्रानं संपत्ती करात शेतजमीन धरली. कोणीही म्हणेल, वगळून म्हणजे वगळून! सात न्यायाधीश बसले. चार म्हणाले, ८६ मध्ये वगळली आहे हे खरं, पण राज्य सूचीत असा कर कुठे दिलाय? नाही ना? मग तो ९७ मध्ये आला. तिघांचं मत वेगळं होतं. चार विरुद्ध तीन. पुढच्या दारानं जे आत घेतलं नाही ते मागच्या दारानं घेता येतं, कारण मागचं दार घटनेनंच उघडं ठेवलंय.

पण त्या तुकड्यातून खरा रस्ता गेला १९९४ मध्ये. १९५० मध्ये याद्या करणाऱ्यांना कर म्हटलं की माल दिसत होता. माल तयार झाला, उत्पादन शुल्क, केंद्र. माल विकला, विक्रीकर, राज्य. गाडी, होडी, जनावर, वीज, करमणूक, प्रत्येकावर कुठे ना कुठे नोंद आहे. जनावरांवरचा आणि होड्यांवरचा कर राज्यांना आठवणीनं दिलेला आहे, नोंद ५८. सेवा मात्र कोणाला सुचली नाही. १९९४ च्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी तीन सेवांवर ५ टक्के कर लावला: टेलिफोन, जीवन विमा सोडून इतर विमा आणि शेअर दलाल. अधिकार कुठला? नोंद ९७. पहिल्या वर्षी जमले ४०७ कोटी. पुढे केश कर्तनालयापासून कोचिंग क्लासपर्यंत सगळं त्या जाळ्यात आलं (आमच्या क्लासची पावती त्यामुळे कशी फुगली ते मला चांगलं आठवतं) आणि शेवटच्या वर्षांत वसुली दोन लाख कोटींच्या वर गेली. देशाची निम्म्याहून जास्त कमाई सेवांमधून यायला लागली होती आणि त्यावर कर लावायचा हक्क एका ओळीमुळे केंद्राकडे होता. राज्यांकडे होड्या.

२००३ मध्ये सेवा करासाठी वेगळी नोंद ९२ग घटनेत घातली. ती कधी अमलातच आणली नाही! गरज काय होती, ९७ होतीच. ती नोंद एकही दिवस न जगता २०१६ मध्ये पुसली गेली.

या काळातले खटले मी मुलांना विनोद म्हणून सांगते. मालावर राज्य, सेवेवर केंद्र, मग सिमकार्ड काय? दुकानातून विकत घेतलं, खिशात घातलं, म्हणजे माल. पण बोलल्याशिवाय त्याचा उपयोग काय, म्हणजे सेवा. नखाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर दोन सरकारांनी वर्षानुवर्षं हक्क सांगितला. सॉफ्टवेअरच्या सीडीवरही असाच वाद झाला, ती २००४ मध्ये माल ठरली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि हे भांडण बरंचसं मिटलं. मिटलं म्हणजे दोघांनी एकाच ताटात जेवायचं ठरवलं. या कराचे निर्णय घेणाऱ्या परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. गणित करून बघा: केंद्र नाही म्हणालं तर काहीच होत नाही. पेट्रोल, डिझेल आणि दारू राज्यांनी ताटाबाहेर ठेवली आहे ती उगीच नाही.

इथवर वाचून मी वर्गात सांगायला निघाले होते की ज्याच्याकडे शेवटची ओळ, त्याच्याकडे सत्ता. वाक्य छान होतं. मग अमेरिका आणि कॅनडा काढून बघितले आणि ते वाक्य खोडावं लागलं.

अमेरिकेत उरलेलं राज्यांचं. १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत तसं लिहिलंय. केंद्राच्या हाती मोजके विषय, त्यातला एक राज्याराज्यांतला व्यापार. आता ओहायोतला एक शेतकरी घ्या, रॉस्को फिलबर्न. गव्हाचा भाव पडू नये म्हणून १९३८ च्या केंद्रीय कायद्यानं किती एकरात गहू पेरायचा ते ठरवून दिलं होतं. फिलबर्नच्या वाट्याला ११.१ एकर. त्यानं २३ पेरला. दंड झाला ११७ डॉलर ११ सेंट. तो म्हणाला, हा जादा गहू मी विकणारच नाही. घरच्या पिठाला, जनावरांना, कोंबड्यांना आणि बियाण्याला लागतो. व्यापार कुठे आला यात? १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, आला. घरचा गहू पिकवला म्हणजे तू बाजारातून घेतला नाहीस. असं सगळेच करायला लागले तर राज्याराज्यांतल्या गव्हाच्या व्यापारावर परिणाम होतो. म्हणून केंद्राचा अधिकार. कोंबड्यांपुढे टाकलेला गहू राज्याराज्यांतला व्यापार झाला! उरलेलं राज्यांचं असं कागदावर तसंच राहिलं, फक्त उरलं कमी.

कॅनडात नेमकं उलटं. १८६७ मध्ये तिथला कायदा होत होता तेव्हा शेजारी यादवी युद्धाची राख गरम होती. राज्यांना डोक्यावर बसवलं की काय होतं ते बघितलेल्या जॉन मॅकडोनाल्डसारख्या मंडळींनी उरलेलं सगळं केंद्राला दिलं. पण शेवटचा निवाडा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे होता. तिथल्या न्यायाधीशांनी प्रांतांच्या यादीतले 'मालमत्ता आणि नागरी हक्क' हे शब्द असे ताणले की बहुतेक सगळं त्यांतच मावायला लागलं. १९३५ मध्ये, मंदीत लोक उपाशी असताना, तिथल्या संसदेनं बेकारी विम्याचा कायदा केला. १९३७ मध्ये लंडननं तो मोडीत काढला, हा प्रांतांचा विषय म्हणून. शेवटी १९४० मध्ये घटना दुरुस्त करून विमा आणावा लागला.

म्हणजे थोरल्याला दिलेलं धाकट्याच्या घरी गेलं आणि धाकट्याला दिलेलं थोरल्याच्या. ओळ कोणाकडे याच्याइतकंच महत्त्वाचं, त्या ओळीच्या वरचे शब्द कोण वाचतंय. 'उरलेलं' ही गोष्ट आधी नसतेच. वरच्या नोंदी कुठे संपतात हे कोणीतरी ठरवल्यावर ते उरतं.

ऑस्ट्रेलियातही उरलेलं राज्यांचं. टास्मानिया राज्याला वीजप्रकल्पासाठी गॉर्डन नदीवर धरण बांधायचं होतं. नद्या, जमीन, वीज, सगळं राज्याचं. केंद्रानं अडवलं. कसं? तो प्रदेश १९८२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला होता, तो करार आंतरराष्ट्रीय, आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राच्या यादीत. १९८३ मध्ये न्यायालयानं धरण थांबवलं. पुन्हा चार विरुद्ध तीन. आपल्याकडे ही सोय न्यायालयाच्या अर्थावर सोडलेली नाही. कलम २५३ मध्येच लिहून ठेवलंय की करार पाळण्यासाठी संसद कुठल्याही विषयावर कायदा करू शकते.

पैशाच्या वाटेनंही हेच होतं, त्यावर आज फार लिहीत नाही. एकच उदाहरण. अमेरिकेत दारू पिण्याचं वय ठरवणं राज्यांचं काम. १९८४ मध्ये केंद्रानं म्हटलं, तुम्हीच ठरवा, फक्त २१ पेक्षा कमी ठरवलंत तर महामार्गाच्या निधीतला काही भाग मिळणार नाही. काही वर्षांत सगळ्या राज्यांत वय २१ झालं.

आपल्याकडे शब्दांची ओढाताण नेहमी केंद्राच्याच बाजूनं गेली असंही नाही. राज्य सूचीतली नोंद ८, मादक मद्य. कारखान्यात वापरतात ते अल्कोहोल मादक म्हणायचं का? पिता येत नाही, मग मादक कसलं, उद्योग म्हणून ते केंद्राचं, असा सात न्यायाधीशांचा १९८९ चा निकाल होता. २३ ऑक्टोबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांनी आठ विरुद्ध एक असा तो उलटवला. मादकमध्ये औद्योगिक अल्कोहोलही येतं, राज्यांचा अधिकार. विरोधातलं एक मत न्यायमूर्ती नागरत्ना यांचं. नऊ न्यायाधीश एका विशेषणावर बसले होते हे मुलांना सांगितलं की मराठी व्याकरणाचा तास बुडवणारी मुलंही कान टवकारतात.

आणि २४ मार्च २०२०. त्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते. विषय काय असावा, सार्वजनिक आरोग्य, राज्य सूची, नोंद ६! देशभराची टाळेबंदी मात्र केंद्राच्या आदेशानं, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. आपत्ती हा शब्द तिन्ही याद्यांत विषय म्हणून कुठेच नाही. मग तो कायदा कुठल्या नोंदीवर उभा केला? समवर्ती सूचीतली २३, सामाजिक सुरक्षा आणि सामाजिक विमा, रोजगार आणि बेकारी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन वर्षांनी एका अहवालात सापडलं आणि मी एकटीच खोलीत हसले. रस्त्यावरचं प्रत्येक बॅरिकेड सामाजिक विम्याच्या नोंदीवर उभं होतं.

हे सगळं बदलावं असं कोणाला वाटलं नाही का? वाटलं की. तमिळनाडूनं नेमलेल्या राजमन्नार समितीनं १९७१ मध्ये म्हटलं, उरलेलं राज्यांना द्या. सरकारिया आयोगानं १९८८ मध्ये मधला मार्ग काढला: कराचे उरलेले विषय संसदेकडेच राहू देत, बाकीचे समवर्ती सूचीत टाका. मुख्य परीक्षेत या विषयावर मी तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तिन्ही वेळा मजबूत केंद्राच्या बाजूनं, कारण तपासणाऱ्याला ते आवडेल असं क्लासमध्ये सांगितलं होतं. आज लिहायचं झालं तर सरकारियांच्या बाजूनं लिहीन. १९४७ मध्ये भीती होती ती देश तुटण्याची. त्या भीतीनं लिहिलेल्या ओळीत आता येतात ते विषय म्हणजे ड्रोन, विदा (डेटा), मोबाइलवरचा पत्त्यांचा डाव. अशा विषयावर एखाद्या राज्यानं आधी कायदा करून बघितला आणि तो फसला, तर बाकीचे शहाणे होतील. समवर्तीत संसदेचा शब्द शेवटचा असतोच. तो शब्द पहिलाही कशाला हवा?

तर रमी.

पाचव्या दिवशी वर्गात सांगितलं ते असं. जुगार म्हटलं तर नोंद ३४, राज्य. पण रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्येच म्हटलंय. याच आधारावर मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये त्या त्या राज्यांची ऑनलाइन खेळांवरची बंदी रद्द केली. कंपन्यांचं म्हणणं तेव्हा एकच होतं: हा जुगार नव्हे, राज्याचा संबंध नाही. आता हाच डाव त्यांच्या अंगावर येऊ शकतो. जुगार नव्हे, म्हणजे ३४ नव्हे. फोनवरून चालतो, म्हणजे केंद्र सूचीची नोंद ३१, तार-टेलिफोन आणि तत्सम दळणवळण. तेही नको म्हणालात तर खाली ९७ जाळं धरून उभीच आहे. दिल्लीचा नवा कायदा तर कौशल्य आणि नशीब असा भेदच करत नाही, पैसे लावले की बंदी. त्यालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलंच आहे.

"म्हणजे उत्तर काय लिहायचं?" पुढच्या बाकावरची मुलगी. पेन उघडून तयार.

"ठरायचंय," म्हटलं तर तिनं पेन मिटलं.

त्या रविवारच्या सराव परीक्षेत मी मुद्दाम प्रश्न घातला. ऑनलाइन पैशांचे खेळ कोणत्या सूचीत मोडतात? केंद्र, राज्य, समवर्ती, शेषाधिकार. रविवारी रात्री उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या. मागच्या बाकावरच्या त्या मुलानं चारही गोल नीट भरून काळे केले होते. एकापेक्षा जास्त गोल भरले की उत्तर चूक धरायचं, हा माझाच नियम. पाव गुण कापला.